फुकट आणि मोकळं

कोटेशन आलं दुपारी सव्वातीनला.
सहा संगणक, तीन वर्षांचा परवाना,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: दर न कळवता बदलू शकतात.
एवढ्यात टनभर तार येते, मी मनातल्या मनात धरलं.

दुसाने चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"भरून टाका, ताई. अख्खी अंबड एमआयडीसी भरते."
डिस्पॅचची प्रणोती गांगुर्डे
खोक्यावर लेबल चिकटवता चिकटवता बोलली,
"लिनक्स टाकू या ना. सिडकोत आमच्या खोलीत
बारा वर्षांचं डबडं त्याच्यावर पळतंय."
"म्हणजे फुकटातलं?
बिघडलं तर मानगूट कोणाची धरायची?"

प्रश्न खोटा नव्हता.
रात्रभर माझ्या उशाशी बसून राहिला.

युनूसभाईंनी सातपूरच्या लिलावातून लेथ आणलं,
त्या आठवड्यातच उघडलं होतं.
गिअरबॉक्स पोत्यावर मांडून दात मोजले,
पत्र्यावर खडूने आकृती काढली.
ती कंपनी बुडून वीस वर्षं झाली,
लेथ अजून चालतंय.
तिथेही मानगूट नाही कोणाची,
पण पाना लावायला जागा आहे.

तरीही मी सही करणार होते, खरं सांगते.
पेन शोधताना आठवली मोराणकरांची फाइल.
बावीस वर्षं त्यांनी स्प्रिंगा वळल्या,
आणि निवृत्तीच्या महिन्यात एका बोटाने टंकून ठेवलं:
कुठली तार, किती अंश, भट्टीत किती वेळ.
उघडली.
पडद्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं,
पाउंडाची चिन्हं, अर्धे कंस.
तो फॉन्ट ज्यांचा, त्यांनी दुकान केव्हाच गुंडाळलेलं.
त्याची चावी, ते मागे खोचायचं डोंगल,
माझ्याच सहीने भंगारात गेलेलं.
लिहिलेलं मराठीत, आमच्याच छपराखाली,
आणि मलाच वाचता येईना.

प्रणोतीने रविवार घातला.
मिसळ कारखान्यातच मागवली, रस्सा वेगळ्या पिशवीत.
कोणा अनोळखी माणसाने कधीतरी बसून
असल्याच फॉन्टांचा गुंता सोडवला होता
आणि तसाच मोकळा ठेवला होता,
खाली एक ओळ: चूक सापडली तर सुधारा, पुढे द्या.

दोन वाजता अक्षरं फुटू लागली.
"तीन मिमी, २३० अंश, वीस मिनिटं."
"पावसाळ्यात पाच मिनिटं जादा."
"या तारेला घाई खपत नाही."
आणि अठराव्या पानावर, आकड्यांच्या मधेच:
"२००९ चा परत आलेला लॉट. भट्टी मी लवकर उघडली.
ताईंना सांगायला धजलो नाही."

तेव्हा मी छाजेड तारवाल्यांना
गोदामात चार माणसांसमोर बोलले होते.
त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला,
पुन्हा आमच्याकडे माल पाठवला नाही.

प्रणोतीने माझ्याकडे पाहिलं नाही. बरं केलं.
बाहेर पांडवलेणीचा डोंगर उन्हात नुसता पडून होता.

सोमवारी पाच संगणक बदलले.
सहावा दुसान्यांच्या टेबलावर जुनाच राहिला,
त्यांच्या हिशेबाचं दुसरीकडे जमत नाही, आणि त्यांचंही.
लेबल प्रिंटर तीन दिवस उलटं छापत होता,
पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं,
"खोकं डोक्यावर उभं राहून वाचायचं का?"
स्कॅनर अजून रुसलेला आहे.
प्रणोतीने पगारवाढ मागितली, तीही लेखी.
दिली. वाचवलेल्या रकमेतला बराच भाग तिथे गेला,
म्हणून फुकट हा शब्द आता कोणी काढत नाही.

एक गोष्ट तिने मला न विचारता केली.
त्या अनोळखी माणसाच्या कामात
"दुसऱ्या", "कोपऱ्यात" यांतला ऱ्य मोडून येत होता.
तो तिने नीट केला आणि परत पाठवला.
कोणाच्या तरी कुठल्या फाइलीत
आता ती अक्षरं सरळ उभी राहतील.

छाजेडांचा नंबर माझ्याकडे आहे.
अजून लावलेला नाही.